नव्या फितीतली शांतता

कुंदाबाईंनी हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. त्या जिथे अडकल्या तिथे वरून रुमाल गुंडाळला आणि एक टोक दातांत धरून गाठ मारली. हात हलवून पाहिला. आवाज आला नाही. मग दुसऱ्या हाताचंही तसंच केलं. खिडक्यांवर गोधड्या टांगून झाल्या होत्या, पंखा बंद होता, भिंतीवरचं घड्याळ काढून न्हाणीघरात नेऊन ठेवलं होतं. आता घरात आवाज करणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती.

“अहो, आता तुम्ही बाहेर.”

लीलाधर भारंबे यांनी मान वर केली. तीस-बत्तीस वर्षं मालगाड्यांवर गार्ड म्हणून हिंडून ते गेल्या वर्षीच निवृत्त झाले होते, आणि घरात बसण्याचं सुख काय असतं याचा त्यांना नुकता कुठे अंदाज येत होता.

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“मी दार उघडेपर्यंत.”

“आणि चहा?”

“दार उघडल्यावर.”

त्यांनी शेंगांचं ताट उचललं, आवाज नको म्हणून चपला हातात घेतल्या आणि फाटकाजवळच्या निंबाखाली जाऊन बसले. कुंदाबाईंनी दाराला आतून कडी लावली, फटीत जुनं लुगडं कोंबलं, टेबलावरच्या टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली आणि पुस्तकाचं पहिलं पान वाचायला सुरुवात केली.

ही कादंबरी त्या दुसऱ्यांदा वाचत होत्या. पहिल्यांदा वाचली त्याला सात-आठ वर्षं झाली होती. तेव्हा ते भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे यार्ड होतं. जळगावात चुडामण नावाच्या एका तरुणाने अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय काढलं होतं. तो स्वतः लहानपणी देवीच्या आजारात दृष्टी गमावलेला. नवी पेठेतली एक खोली, भिंतीला लाकडी कप्पे आणि कप्प्यांत कॅसेटी. चांगलं वाचणारी माणसं त्याला हवी होती. कुंदाबाईंना मोठ्याने वाचायची लहानपणापासून हौस. लग्नानंतर त्या नवऱ्याला वाचून दाखवत, पण लीलाधररावांना ड्यूटीवरून आल्यावर दुसऱ्या पानावर डुलकी लागे. ऐकणारं कुणीतरी आहे असं कळल्यावर कुंदाबाई त्याच आठवड्यात पॅसेंजर धरून जळगावला गेल्या आणि कोऱ्या कॅसेटी घेऊन आल्या.

पुस्तक निवडलं ते समुद्राचं. जहाजावर स्वयंपाक करणारा एक माणूस, त्याची बंदरावर वाट बघणारी बायको, वादळं, परकी बंदरं. कुंदाबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या ऐकणाऱ्यांपैकीही फारसा कुणी तिकडे गेलेला नव्हता. पण पुस्तक असं चाललं की त्याच्यासाठी नंबर लागत. भडगावकडून धुळ्याला, धुळ्याहून नरडाण्याला, तिथून पुन्हा जळगावला अशा त्या कॅसेटी टपालाने फिरत राहिल्या. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही, त्यामुळे त्यांच्या फिरण्याला अंत नव्हता.

कुंदाबाईंना मात्र त्या कॅसेटींची लाज वाटे. एकदा त्यांनी स्वतः ऐकून पाहिल्या आणि मध्येच बंद केल्या. वाचन जेमतेम बरं, पण भोवती काय गोंधळ. यार्डातलं वाफेचं इंजिन शिट्टी फुंकतं आहे, मालगाडी धडधडत जाते आहे आणि त्या आपल्या वाक्य अर्धं सोडून ती जाईपर्यंत थांबल्या आहेत. दारावर भाजीवाली मेथी घ्या म्हणून ओरडते आहे, कुकर फुसफुसतो आहे, पान उलटलं की बांगड्या वाजत आहेत. आणि चार-पाच ठिकाणी तर दार उघडून नवरा घरात येतो आहे. तेव्हा काही करता येण्यासारखं नव्हतं. क्वार्टर दोन खोल्यांचं, यार्ड भिंतीला लागून आणि ड्यूटीला वेळकाळ नाही.

मे महिन्यात कुठल्याशा टपालाच्या पोत्यात ऊन लागून त्या कॅसेटी वाकल्या, फीत ताणली गेली आणि स्वयंपाक्याचा आवाज रेड्यासारखा यायला लागला. चुडामणने कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं. पुस्तक पुन्हा वाचून द्याल का, असं त्याने विचारलं होतं. एक अट होती. कॅसेटींच्या डब्या जुन्याच राहतील. प्रत्येक डबीवर त्याने ब्रेलमध्ये टोचून चिकटवलेली पट्टी होती: पुस्तकाचा नंबर, वाचणाऱ्याचं नाव, कोणत्या बाजूला कोणती प्रकरणं. तेच नंबर सगळ्या सभासदांच्या यादीत होते, आणि ती यादीही ब्रेलमध्येच, हाताने टोचलेली. म्हणून डबीवरचं अक्षरही न बदलता फक्त आतली फीत बदलायची. पूर्वी जी बाजू जिथे संपली होती, तिथेच आताही संपवायची.

कुंदाबाईंना ते पत्र वाचून झालेला आनंद त्यांनी लपवला नाही. आता घर स्वतःचं होतं, जामनेर रोडच्या बाजूला, यार्डापासून लांब. या वेळी एकही आवाज येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

श्रावण चालू होता. बंद खोलीत घामाच्या धारा लागत. पण अडचण आली ती वेगळीच. पहिली बाजू जिथे संपायला हवी तिथे संपली आणि फीत अजून बरीच शिल्लक. त्यांना वाटलं आपण भरभर वाचलं. पुसून पुन्हा सावकाश वाचलं. तरी फीत उरलीच. दुसऱ्या बाजूचं तेच, तिसऱ्याचं तेच. शेवटी एकदा निंबाखाली नवऱ्याला चहा देताना त्यांनी हे सांगितलं.

लीलाधररावांनी बशीतला चहा फुंकला. “तेव्हा तू गाड्यांसाठी थांबायचीस,” ते म्हणाले. “आता गाड्या कुठे आहेत?”

तेवढीच फीत उरत होती. कुंदाबाईंना बरंच वाटलं. म्हणजे या वेळचं काम खरोखरच निर्मळ होतंय. उरलेली फीत त्यांनी कोरी जाऊ दिली.

त्या दिवसांत लीलाधररावांची मात्र वणवण झाली. ऊन आलं की ते निंबाखाली, पाऊस आला की शेजारच्या पडवीत. शेजारच्या वच्छलाबाई त्यांना चहा देत आणि विचारत की तुमचं काही भांडण झालं का. ते म्हणत, नाही, आमच्याकडे समुद्र चालू आहे. एकदा कडी निघायला उशीर झाला तेव्हा ते दाराबाहेर उभे राहून खाकरलेही नाहीत. घरात पाऊल टाकलं ते थेट बाजू संपल्यावर, अनवाणी, तळवे पुसून. सगळ्या कॅसेटी मिळून त्यांचा एक शब्द की एक खोकला फितीवर गेला नाही. कुंदाबाईंनी हे त्यांना कौतुकाने सांगितलं आणि त्या दिवशी शेवभाजी केली.

गणपती गेल्यावर त्यांनी पार्सल टपालात टाकलं. काही दिवस वाट पाहिली आणि मग न राहवून चौकातल्या एसटीडी बूथवरून जळगावला फोन लावला. चुडामणच फोनवर आला. कॅसेटी ऐकल्या म्हणाला. वाचन पूर्वीपेक्षा फार चांगलं झालंय म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता. कुंदाबाईंना वाटलं, बारकावा त्याच्या लक्षात आला नसेल.

“तुम्ही बघितलंत ना चुडामणभाऊ, घरात आता अगदी शांत असतं,” त्या म्हणाल्या. “कुणाचा म्हणून आवाज नाही.”

पलीकडून इतका वेळ उत्तर आलं नाही की लाइन तुटली की काय असं त्यांना वाटलं.

“केव्हापासून, अक्का?”

“श्रावणापासून. सुरुवातीला जड गेलं. आता सवय झाली.”

“जपा स्वतःला,” चुडामण म्हणाला आणि अजून काही बोलायचं असल्यासारखा थांबला. पण बोलला नाही.

घसा जपायला सांगतोय, असं समजून कुंदाबाई घरी आल्या आणि रात्रभर ज्येष्ठमध तोंडात धरून झोपल्या.

त्यानंतर एक नवलच सुरू झालं. भडगावचा लोटन आबा नावाचा शेतकरी होता. कुंदाबाई त्याला फक्त सभासद म्हणून नावाने ओळखत. त्याने एसटीच्या कंडक्टरबरोबर लिंबांची पिशवी पाठवली. धुळ्याच्या झुंबरबाईंकडून ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे जाड पापडांचा, मोठा डबा आला. नरडाण्याहून कुणी शेंगदाणे पाठवले, कुणी केळीचा घड. निरोप सगळ्यांचा साधारण सारखाच, की आम्ही आहोत, काही लागलं तर कळवा. पहिल्या वाचनाच्या वेळी असं काही झालं नव्हतं. कुंदाबाईंना भरून आलं. शांततेची किंमत डोळ्यांनी दिसणाऱ्यांपेक्षा या लोकांना जास्त कळते, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या.

लीलाधररावांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक बिबडी भाजायला घेतली. झुंबरबाईंचा डबा त्यांनी जवळपास एकट्याने संपवला.

मार्गशीर्षात चुडामणचं कार्ड आलं. सभासदांचा वार्षिक मेळावा असोद्याच्या एका मळ्यात ठेवला होता, भरीत-पुरीचा बेत होता आणि कुंदाबाईंनी यायलाच हवं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘एकट्या येऊ नका, सोबतीला कुणीतरी असू द्या.’

सोबतीला लीलाधरराव निघाले. भरीत म्हटल्यावर ते तसेही थांबले नसते. मळ्याच्या बांधावरून जाताना कपाशीच्या काड्यांचा धूर नाकात गेला आणि त्यांची पावलं आपोआप तिकडे वळली. वांगी भाजणाऱ्यांत रेल्वेतला एक ओळखीचा निघाला. कुंदाबाई मागे वळून बघतात तो हे बाह्या वर करून जाळापाशी बसलेले. मग त्या एकट्याच केळीच्या बागेकडे गेल्या. तिथे मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या.

त्यांनी आपलं नाव सांगताच बोलणं थांबलं. पंचवीस-तीस माणसं, कुणी काठ्या मांडीवर घेतलेली, कुणी लेकी-सुनांचा हात धरून आलेली (लेकी-सुना पलीकडे पुऱ्या लाटायला गेल्या होत्या), सगळी त्यांच्या दिशेने वळली. चुडामण उठून आला आणि त्यांना सावलीत बसवलं. कुणीतरी पाणी दिलं. कुणी मागे टेकायला उशी दिली. सगळे फार हळू बोलत होते. कुंदाबाईंना हा मान जरा जास्तच वाटायला लागला. शेवटी त्यांनीच विषय काढला. नवीन कॅसेटी कशा वाटल्या, आवाज स्वच्छ आहे ना, असं विचारलं.

भडगावच्या लोटन आबाने घसा साफ केला. सत्तरीचा, उंच, उन्हाने रापलेला माणूस.

“वाचन भलतं चांगलं शे, अक्का. पन आम्हनी जागाच सापडस नही.”

कसली जागा सापडत नाही, ते त्याने समजावून सांगितलं. पुस्तक एका बैठकीत संपत नाही. शेताचं काम निघतं, वीज जाते, कुणी येतं. डोळस माणूस पानाचा कोपरा दुमडून ठेवतो. आम्ही काय दुमडणार? डबीवर प्रकरण लिहिलंय, पण प्रकरणाच्या आत आम्ही आवाजावर चालतो. फीत पुढे पळवायची, मध्येच ऐकायचं. इंजिनाची शिट्टी आली की समजायचं, आता वादळ येणार. त्याला तर कितीतरी दिवस ती जहाजाचीच शिट्टी वाटत होती. भुसावळच्या यार्डाची आहे हे कुणी सांगितल्यावरही त्याने ते मनावर घेतलं नाही. मेथीवाली ओरडली की जहाज परक्या बंदराला लागलं. कुकर वाजला की स्वयंपाक्याचं कप्तानाशी भांडण. मालगाडी लांबलचक गेली की त्यानंतरचं वाक्य नेहमी जपून ऐकायचं, कारण इतका वेळ थांबून अक्का जे वाचतात ते महत्त्वाचं असणार.

एकेक जण सांगायला लागला. कुणाची आवडती जागा भाजीवाली होती, कुणाची एका पानावर कुंदाबाईंना आलेलं हसू. कुंदाबाई ऐकत राहिल्या. सात-आठ वर्षं ज्याची लाज बाळगली ते या माणसांना पाठ होतं, घरातल्या वाटेसारखं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. बांगड्या किणकिणल्या.

शेजारी बसलेल्या झुंबरबाई एकदम ताठ झाल्या. साठीच्या, ठेंगण्या, कपाळ मोकळं असलेल्या बाई. त्यांनी काही न बोलता कुंदाबाईंचा हात चाचपून धरला. बोटं मनगटावर आली, बांगड्यांवरून फिरली, एकेक करून सगळ्यांवरून, आणि परत मागे गेली.

“बांगड्या शेतस,” त्या म्हणाल्या. बांगड्या आहेत, हे कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

चुडामणने मान वर केली होती. लोटन आबाने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“अक्का, एक इचारू का?” तो म्हणाला. “पहिले त्या घर येत. बूट काढेत आन् म्हनेत, आलो गं. नई फीतमा त्या एकदा बी घर उनात नहीत. त्या बरा शेतस ना?”

नव्या फितीत नवरा एकदाही घरी आला नाही, तो बरा आहे ना, हा प्रश्न कुंदाबाईंना कळायला वेळ लागला. मग एकदम सगळं उलगडत गेलं. फितीवरच्या न वाजणाऱ्या बांगड्या. न उघडणारं दार. श्रावणापासून घर शांत आहे, कुणाचा म्हणून आवाज नाही. लिंबं, शेंगदाणे, केळी. आणि चुडामणचं ते जपा स्वतःला. तीन महिने ही सगळी माणसं त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं म्हणून हळहळत होती, आणि विचारायचं कसं म्हणून कुणी विचारत नव्हतं.

त्यांना हसू आणि रडू एकाच वेळी दाटून आलं. त्या उठल्या आणि धुराच्या दिशेने त्यांनी आयुष्यात कधी मारली नव्हती अशी हाक मारली.

“अहो, इकडे या. लवकर या.”

लीलाधरराव आले ते हातात अर्धं सोललेलं वांगं घेऊनच. बोटं काळी झालेली, कपाळाला राख. काय झालं ते त्यांना समजेना. इतकी माणसं मान तिरपी करून आपल्या पावलांकडे कान लावून का बसली आहेत, तेही कळेना. अवघडून ते खाकरले.

“त्याच शेतस,” ते खाकरणं ओळखून लोटन आबा म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की कुंदाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

त्यानंतर सतरंजीवर बसलेलं कुणी राहिलं नाही. ज्याला त्याला लीलाधररावांचा हात हातात घ्यायचा होता. राखेने माखलेले ते हात पंचवीस-तीस हातांतून फिरले आणि सगळ्यांच्या सदऱ्यांना, लुगड्यांना काळे डाग पडले. दिसत नसल्याने कुणाची तक्रार नव्हती, आणि पुऱ्या सोडून धावत आलेल्या ज्या सुनांना दिसत होतं त्याही हसत होत्या. चुडामण तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. पुन्हा पुन्हा म्हणत होता की मी फोनवर नीट विचारायला हवं होतं. झुंबरबाईंनी सांगितलं की स्वयंपाक्याची बायको बंदरावर उभी असायची आणि त्यांचा जीव टांगणीला लागायचा. तेवढ्यात यांचे बूट वाजायचे. गोष्टीतला कधी येईल तो येवो, पण घरातला आला, एवढ्यावर त्यांना त्या दिवशी झोप लागायची.

सगळी हकीकत कानावर आल्यावर लीलाधररावांनी कपाळावरची राख पुसली. मग हातातल्या वांग्याकडे बघत म्हणाले,

“बिबड्या फार छान होत्या, झुंबरबाई. स्वतःच्या सुतकातलं स्वतः खायला मिळणं सगळ्यांच्या नशिबात नसतं.”

झुंबरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मळ्यातल्या त्या जेवणाची गोष्ट पुढे सभासद एकमेकांना कितीतरी वर्षं सांगत. भरिताला पाती कांदा किती होता आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या कुणी किती खाल्ल्या इथपासून. लीलाधररावांना कुणी परत जाळापाशी जाऊ दिलं नाही. त्यांना मध्ये बसवून ड्यूटीवरच्या गोष्टी ऐकत राहिले. ते बोलत होते आणि लोक ऐकताना मधूनच थांबवून म्हणत, तेच पुन्हा सांगा, आवाज तुमचा आहे ना याची खात्री करून घेतो.

निघताना चुडामणने विचारलं, आणि विचारताना तो लाजला. नवीन कॅसेटी वाईट नाहीत, असं त्याने दोनदा म्हटलं. पण.

“पुन्हा वाचते,” कुंदाबाई म्हणाल्या. “डब्या त्याच ठेवा.”

लीलाधररावांनी मात्र एक गोष्ट साफ सांगून टाकली. वाफेची इंजिनं भंगारात गेली, ती शिट्टी आता कुठून आणायची? त्यावर लोटन आबाने बराच विचार केला. शिट्टी नको, म्हणाला, तुमच्या आताच्या घरात जे वाजतं ते वाजू द्या, आम्ही नव्या जागा पाठ करू. एकच जागा जुनी ठेवा.

कोणती, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

संक्रांत झाल्यावर वाचन सुरू झालं. गोधड्या उन्हात वाळवून घडी घालून ठेवल्या होत्या. घड्याळ परत भिंतीवर आलं होतं. खिडकीतून शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता, निंबावर साळुंक्या कलकलत होत्या आणि वच्छलाबाई कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या की आज पाणी उशिरा आलं. कुंदाबाई त्यातून वाचत गेल्या. गिरणी फारच जोरात चालली की थांबायच्या, ती हळू झाली की पुढचं वाक्य घ्यायच्या. पान उलटताना हात मोकळा होता.

लीलाधरराव बाहेर होते. आता त्यांना कुणी बाहेर काढलं नव्हतं. रोज वाचनाची वेळ झाली की तेच कपाटाखालून ड्यूटीचे जुने बूट काढत, फडक्याने पुसत आणि पिशवी घेऊन निघत. पहिल्या दिवशी कुंदाबाईंनी विचारलं की कुठे चाललात. ते म्हणाले, जरा जाऊन येतो. बाजारातून काही आणायचं होतं असं नाही. पिशवीत कधी चार टोमॅटो असत, कधी नुसती कोथिंबीर. जाऊन येण्यासाठी आधी जावं लागतं, एवढंच.

त्या दुपारी स्वयंपाक्याची बायको बंदरावर आली होती आणि जहाज दिसत नव्हतं. कुंदाबाई तो भाग सावकाश वाचत होत्या. फाटकाची कडी वाजली. अंगणातल्या फरशीवर बूट आले, पायरीवर थांबले, एक काढल्याचा आवाज आला, मग दुसरा. पिशवी खुंटीला लागली.

“आलो गं.”

पूर्वी असं झालं की त्या मान न उचलता वाचत राहायच्या, वाक्य तुटू नये म्हणून. आज त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि पुस्तक खाली केलं.

“या,” त्या म्हणाल्या. “एवढं पान संपू द्या.”

ते समोर पाटावर येऊन बसले. कुंदाबाईंनी पान संपवलं, त्याबरोबर प्रकरणही संपलं, डबीवरच्या पट्टीत लिहिलं होतं तिथेच. फीत थोडी उरली होती. त्यांनी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. उठून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने स्टोव्ह पेटला, कपबशा वाजल्या आणि लीलाधररावांनी विचारलं की ते जहाज येतं की नाही शेवटी. चहा ओतता ओतता कुंदाबाई त्यांना सांगायला लागल्या. टेपरेकॉर्डरची चाकं फिरतच होती.